अकरा घरांची साखर

वृंदाने दौलतरावांचं बोट तिसऱ्यांदा टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्राकडे बघायच्या आधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. दौलतराव हसले. पहिल्या टोचणीला ते हसले होते, दुसरीलाही हसले होते. साखर दोनशे अडतीस. मघाशी दोनशे एकेचाळीस होती, म्हणजे यंत्राला बोल लावायची सोय उरली नव्हती.

"काका, खरं सांगा. सकाळपासून काय खाल्लंत?"

"काय खाल्ला नाय, बाई."

"चहा?"

"नाय."

"बिस्कीट? केळं? खोकल्याची गोळी?"

"रातच्याला आठ वाजता भाकर खाल्ली. तवापासून पाण्याशिवाय काय नाय. इचारा हिला."

ही म्हणजे बनूबाई, त्यांची बायको. ती दाराशी खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. दोघं कुळगावच्या जुन्या गावातून रिक्षाने आली होती. दौलतरावांनी नवी टोपी घातली होती, दाढी घोटून केली होती. तासाभरापूर्वी आल्या आल्या त्यांनी काउंटरवरच्या जितेशला सांगून टाकलं होतं की एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं ॲसिडच्या खात्यात काढलेल्या माणसाला तुमचं हे एवढंसं इंजेक्शन काय करणार. सगळी वेटिंग रूम हसली होती. अशी जागा हसते म्हणजे काय, हे तिथे रोज बसणाऱ्यालाच कळेल.

कारण हे अंबरनाथमधल्या एका इस्पितळाचं तळघर होतं, वृंदा तिथली टेक्निशियन होती आणि कॅन्सर कुठवर पोचलाय ते बघणारा पेट स्कॅन करायला माणसं इथे येत. त्यासाठी लागणारं औषध खाडीपलीकडून पहाटे निघायचं, शिशाच्या डब्यात बसून. निघाल्या क्षणापासून ते मरायला लागायचं. पावणेदोन तासांनी निम्मं, पुढच्या पावणेदोन तासांनी निम्म्याचं निम्मं. ते फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, उद्यावर ढकलता येत नाही, शेजारच्या इस्पितळाकडून वाटीभर उसनंही आणता येत नाही. जेवढे पेशंट तेवढंच येतं आणि ज्याच्या नावाचं येतं त्याने वेळेवर आणि उपाशीपोटी यावं, एवढीच त्याची अट.

उपाशीपोटी का, तर हे औषध म्हणजे मुळात साखरच, किरणोत्सर्गी करून पाठवलेली. कॅन्सरची गाठ साखरेला हावरी असते. ती ही साखर अधाशासारखी ओढून घेते आणि फोटोत दिव्यासारखी पेटते. पण रक्तात आधीच घरची साखर भरलेली असली की गाठीचं पोट भरलेलं असतं. ती बाहेरच्या साखरेला हात लावत नाही आणि फोटोत दिसत नाही. असून दिसत नाही. दौलतरावांना इथे पाठवणाऱ्या परळच्या सर्जनला तर नेमकं तेच बघायचं होतं. दौलतरावांच्या आतड्यातली गाठ जागच्या जागी असली तर ते ती काढणार होते. पसरली असली तर चाकू लावणार नव्हते. ऑपरेशन की नुसते उरलेले दिवस, हे या फोटोवर ठरायचं होतं, आणि दौलतरावांनाही ते स्पष्ट सांगितलेलं होतं.

"मॅडम, मैंने खुद फोन करके बोला था," जितेश दारातून म्हणाला. तो उल्हासनगरचा, घरात सिंधी, बाहेर हिंदी आणि पेशंटशी मराठी. "सहा तास काहीच नाही. चुइंगम भी नहीं."

"काका, साखर हवेतून येत नाही," वृंदा म्हणाली.

तेव्हा बनूबाईंनी तोंड उघडलं.

"खाल्ला तर खरंच काय नाय हो. निंगताना हातावर दही-साखर घेतली तेवढीच."

वृंदाने ग्लोव्ह काढायला घेतला होता, तो अर्ध्यात राहिला.

"किती?"

"हातावर घेतात तेवढीच. चमचा."

"एकच चमचा?"

बनूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मग अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. "एक आमच्या घरची. मग बाजूच्या सुमननी दिली. गुरवांनी दिली. पाटलांकडची म्हातारी उठता येत नाय तरी वाटी घेऊन ओट्यावर आली. मग ती शिवणकाम करते ती..." मोजणं संपलं तेव्हा अकरा घरं झाली होती. "आळीत कोनाला दवाखान्यात न्यायचा असला का ह्यांनाच बोलावतात. रात नाय, पाऊस नाय, हे जातात. आज ह्यांची पाळी, तर सगळी दारात उभी व्हती. कोनाला नाय कसा बोलायचा?"

"अकरा चमचे साखर," वृंदा म्हणाली. "आणि मघापासून मला सांगताय काही खाल्लं नाही."

"ती काय खाल्ली म्हनायची, बाई? ती शकुनाची." दौलतराव हे अगदी सरळपणे म्हणाले.

वृंदाला राग आला. तिला राग यायला त्या महिन्यात निमित्तं पुष्कळ होती. आधीचे तीन डोस असेच गेले होते. एकाने सवयीने पोहे खाल्ले, एकजण लिफ्टमधून उतरून घाबरून परत गेला, एकीच्या घरच्यांचं येऊ की नको यावर एकमत झालं नाही आणि ते होईपर्यंत औषध संपलं. वरून पत्र आलं होतं की डोस वाया का जातात याचा खुलासा करावा. खुलासा वृंदाने करायचा. जणू लोकांच्या स्वयंपाकघरात तीच जाऊन उभी राहते.

तिने स्कॅन विभागाच्या डॉक्टर सुरुचींना फोन लावला. त्या सकाळी उल्हासनगरच्या दुसऱ्या इस्पितळात असत.

"वजन किती आहे त्यांचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेहेचाळीस."

"मग इन्सुलिन देऊन दोन तास थांबू शकतो. औषध निम्मं उरेल, पण एवढ्या वजनाला पुरेल. मशीनवर जास्त वेळ ठेवावं लागेल, एवढंच. तू समोर आहेस, तू बघ."

वृंदाने समोर बघितलं. दुपारी मशीन मोकळं होतं. तिला घरी जायची घाई नव्हती. इन्सुलिन कपाटात होतं. थांबायला काहीच हरकत नव्हती.

"नको मॅडम," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी घेऊ. एकदा कळू दे यांना."

यांना म्हणजे नक्की कुणाला, हे तिलाही सांगता आलं नसतं. फोन ठेवून ती दौलतरावांकडे वळली आणि जे बोलली ते दार उघडं असताना बोलली. हे औषध किती लांबून येतं, ते फक्त तुमच्या नावाने आलं होतं, ते आता मरणार, आणि कशापायी, तर अकरा चमचे साखरेपायी. शिकल्यासवरलेल्या मुलांनी सांगितलेलं तुम्ही लोक ऐकत नाही. बाहेर बसलेले चारही पेशंट ऐकत होते.

दौलतरावांचं हसू हळूहळू गेलं. ते खुर्चीतून उठले, बाही खाली केली.

"मंग दुसऱ्या कोनाला द्या ना ते," ते म्हणाले. "वाया कशाला घालवता?"

"असं देता येत नाही. बाकीच्यांचं ज्याचं त्याचं आलंय."

"मंग काय करनार त्याचा?"

"काही नाही. ठेवून देणार."

त्यांनी मान हलवली. कारखान्यात पाळी संपताना उरलेलं काम दुसऱ्याच्या गळ्यात टाकून जाताना माणूस खजील होतो, तसे ते खजील झाले होते. जाताना त्यांनी जितेशचाही निरोप घेतला नाही.

दौलतरावांच्या नावाची सिरिंज वृंदाने भरून ठेवलेली होती. ती तिने शिशाच्या पेटीत ठेवली आणि रजिस्टरमध्ये कारण लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किरणं मोजायचा मीटर लावला तेव्हा काटा हलला नाही. आतलं आता मिठाच्या पाण्यासारखं झालं होतं. नियमाप्रमाणे तिने नावाचं लेबल खरवडून काढलं आणि सिरिंज इस्पितळाच्या नेहमीच्या कचऱ्यात टाकली. लेबल चिवट होतं, नखाने काढावं लागलं.

पेशंटना द्यायच्या सूचनांच्या कागदावर तिने त्याच दिवशी हाताने एक ओळ वाढवली: दही-साखर, तीर्थ, प्रसाद, शकुनाचं गोड, काहीही घेऊ नये. जितेशने प्रती काढून आणल्या आणि एक वाचत उभा राहिला.

"मॅडम, हमारे में तो मुँह मीठा किए बिना कोई घर से निकलने ही नहीं देता."

"म्हणूनच लिहिलंय."

"हां, बराबर आहे," तो म्हणाला, पण कागद काउंटरवर ठेवताना त्याने तो उगीचच सरळ केला, परत सरळ केला.

सोमवारी वृंदाच्या मुलाचा, सोहमचा, बारावीचा पेपर होता. विठ्ठलवाडीच्या त्यांच्या दोन खोल्यांत सकाळपासून नुसती पळापळ. हॉलतिकीट सापडलं, पेन सापडलं, बूट सापडेना. दारातून तो निघाला तेव्हा वृंदाने त्याचा हात धरला, तळव्यावर दही-साखर घातली, त्याने ती एका घोटात संपवली आणि हात पँटला पुसला.

"अरे, पोटात काही घातलंस का? उपाशी नको जाऊ."

"नाही गं आई, काही खाल्लं नाही. वेळ कुठे होता?" तो जिन्यावरून ओरडला.

त्याच्या ओठाला साखरेचा कण तसाच होता. वृंदा वाटी हातात घेऊन दारात उभी राहिली. तो खोटं बोलला नव्हता. तिला तसं वाटलंही नव्हतं. तिनेच घातलं होतं, आणि तरी तिनेच विचारलं होतं.

मग मात्र तिला फार वाईट वाटलं. पुढचे तीन दिवस तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं: काका, त्या दिवशी मी जास्त बोलले. पुढे काय बोलायचं ते मात्र ठरेना. माफी मागायची सवय नसली की साधं वाक्यसुद्धा सरकारी पत्रासारखं अवघड होऊन बसतं.

गुरुवारी ती साडेसहालाच पोचली, तर तळघराच्या कुलूपबंद दारापाशी पायरीवर दोघं बसलेली. दौलतरावांची टोपी तीच होती, पण दाढी तशीच राहिली होती.

"इतक्या लवकर? तुमची वेळ दहाची आहे."

"उजाडायच्या आत निंगालो," बनूबाई म्हणाल्या. "मागल्या दारानी. पडवीतला दिवा पन लावला नाय. कोनी बघितला असता तर परत वाट्या घेऊन उभी ऱ्हायली असती."

"पण त्यांना सांगायचं ना, या वेळी नको म्हणून."

दौलतराव जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यांना ठावकीच नाय. आळीत सगळी इचारत व्हती, फोटो कसा आला. म्या बोललो, बरा आला. आता तुमच्या साखरेनी बिघडला, असा कोनाच्या तोंडावर सांगू? पाटलांची म्हातारी चार दिस जेवली नसती."

जुळवलेलं वाक्य वृंदाच्या ओठाशी आलं. "काका, त्या दिवशी मी..."

"चुकला तो आमचाच चुकला," दौलतराव म्हणाले आणि तिला पुढे बोलायला जागाच ठेवली नाही.

साखर ब्याण्णव. एकाच टोचणीत. ते हसले नाहीत, ॲसिडच्या खात्याची गोष्टही त्यांनी कुणाला सांगितली नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देत होते, कोर्टात उभे असल्यासारखे. वृंदाने औषध टोचलं, त्यांना तासभर अंधाऱ्या खोलीत एकटं पडून राहायला सांगितलं आणि मग मशीनवर घेतलं. सुई लावताना, पट्टा बांधताना, पायांवर चादर घालताना तिने जेवढं म्हणून हळुवार वागता येईल तेवढं वागून घेतलं. ते त्यांच्या लक्षात आलं असेल असं काही दिसलं नाही.

काचेअलीकडच्या पडद्यावर फोटो हळूहळू भरत आला. मेंदू उजळला, तो उजळतोच. हृदय थोडं. आतड्यातली गाठ जिथे असायची तिथे होती. मग यकृत भरलं, आणि वृंदाने खुर्ची पुढे ओढली. एक, दोन, तीन, चार. पाचवा ठिपका कडेला, तो नसेलही. पाठीच्या कण्यात दोन. त्यांना मात्र नसेलही म्हणायची सोय नव्हती. असे हजारो फोटो तिने बघितले होते, ठिपके ती एकदाच मोजत असे. आज तिने दोनदा मोजले, आणि दोन्ही वेळा सारखेच भरले. एवढा स्वच्छ फोटो त्या मशीनने बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

डॉक्टर सुरुची आल्या, उभ्या उभ्या बघितलं. "परळला मी कळवते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ऑपरेशनचा प्रश्न नाही आता. मुलगा आहे का बरोबर?"

"बायको आहे. मूल नाही त्यांना."

"उद्या बोलावून घे. मी सांगते दोघांना."

वृंदा बाहेर आली. वेटिंग रूममध्ये बनूबाई एकट्या होत्या. मांडीवरच्या पिशवीत भाकरी बांधून आणलेली, स्कॅन झाल्यावर नवऱ्याला खायला. वृंदाने रोजचं वाक्य म्हटलं, "झालं स्कॅन. रिपोर्ट उद्या मिळेल, डॉक्टर सांगतील." हे वाक्य ती इतक्या वर्षांत अशा आवाजात म्हणायला शिकली होती की त्यातून कुणाला काही कळू नये.

बनूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"बरा नाय ना आला?"

"डॉक्टर सांगतील, मावशी."

"सांगू दे त्यांना. मी तुमाला नाय इचारत." बनूबाईंनी पिशवीची गाठ सोडली, परत बांधली. "मागल्या गुरवारी काढायला पायजे व्हता. तवा सगळ्या आळीची साखर व्हती ह्यांच्या पोटात. तवा बरा आला असता. आज मी चोरासारखा मागल्या दारानी आनला ह्यांना. मीच बोलले, कोनाला सांगू नका. हातावर काय नाय, पाठीमागे कोन नाय. असा निंगाल्यावर काय बरा येनार?"

वृंदाला सांगता आलं असतं की आजार असा आठ दिवसांत पसरत नाही. हे ठिपके गेल्या गुरुवारीही तिथेच होते, मागलं दार आणि पुढलं दार त्यांना कळत नाही. ते खरं होतं. पण बाई म्हणत होती तेही खरं होतं, अगदी अक्षरशः. त्या दिवशी, त्या अकरा घरांच्या साखरेवर फोटो काढला असता तर गाठींनी औषधाला हात लावला नसता. यकृतात काही दिसलं नसतं, कण्यात काही दिसलं नसतं. फोटो कोरा, छान, गावभर दाखवावा असा आला असता. खोटा आला असता, पण बरा आला असता.

ती बनूबाईंच्या शेजारी बसली. पेशंटच्या नातेवाइकांशेजारी ती कधी बसत नसे.

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी फोटो बरा आला असता."

बनूबाईंनी मान वर केली. त्यांना बहुधा ती नाहीच म्हणेल असं वाटलं होतं.

"मंग काढला का नाय वो?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. वृंदाला नियम आठवले. दोनशेच्या वर साखर असली तर औषध टोचू नये, हा नियम भिंतीवर लावलेला होता, चौकटीत. दोन तास थांबता आलं असतं, हे भिंतीवर नव्हतं. थांबली असती तर फोटो आजच्यासारखाच आला असता. पण माणूस हसत आला होता, तो हसतच आत गेला असता. अकरा घरांनी ज्याला दारात उभं राहून पाठवलं, त्याला तिने खाली मान घालून परत पाठवलं होतं.

"रागावले होते मी," वृंदा म्हणाली.

मग आतून दौलतरावांनी हाक मारली, चपला कुठे ठेवल्यात म्हणून विचारत होते, आणि त्या पिशवी घेऊन उठल्या.